यंत्राच्या उत्तरात आपले नाव

अड्यारच्या परिसरात यंत्राला भारतीय भाषा ऐकावयास शिकविले जात आहे. त्या कानावर कोणाचे शब्द पडतात आणि ते किती खरे असतात, ह्यावर आपल्या अनेक छोट्या उत्पादकांचा पुढील काळ अवलंबून राहणार आहे.

घरात एखादी नवी वस्तू आणावयाची झाली, म्हणजे पूर्वी शेजारीपाजारी विचारपूस होत असे. हळद कोणाकडची चांगली, पापड कोणाचे खुसखुशीत, चादर कोणत्या पेठेतून घ्यावी, ह्याचे ज्ञान वाड्यातील वडीलधाऱ्या बायकांच्या ठायी असे आणि त्यांच्या शब्दाला बाजारात वजन असे. पुढे वर्तमानपत्रे आली, रेडिओ आला, दूरदर्शन आले आणि जाहिरातीने ह्या शेजारणीची जागा घेतली. इंटरनेटवरील शोधयंत्रांनी त्यात आणखी भर घातली. एक प्रश्न विचारला की दहा-दहा दुवे पुढे येत, आणि त्यांतून निवड करण्याचे काम वाचणाऱ्याकडे राही.

आता ह्या क्रमात आणखी एक पायरी आली आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आले. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने भारतातील आपल्या शोधयंत्रात, दुव्यांच्याही वर, कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले तयार उत्तर दाखविण्यास सुरुवात केली. घरातील मुलगा किंवा सून मोबाइलला तोंडीच प्रश्न विचारते, आणि यंत्र चार-सहा वाक्यांत उत्तर देऊन मोकळे होते. त्या उत्तरात दोन किंवा तीन नावे असतात. ज्याचे नाव त्यात आले, त्याच्या दारी गिऱ्हाईक जाते. ज्याचे आले नाही, तो त्या गिऱ्हाइकाच्या लेखी जणू अस्तित्वातच नसतो. ही दोन-तीन नावे यंत्राला कोठून सुचतात, हा प्रश्न म्हणूनच केवळ मोठ्या कंपन्यांचा राहिलेला नाही. सांगलीजवळ हळद दळणाऱ्या बचत गटाचा आणि कोल्हापुरात चप्पल शिवणाऱ्या कारागिराचाही तो प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचा विचार करावयास चेन्नईतील अड्यारइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. नाव कसे मिळते, आणि नाव ऐकणारे यंत्र कसे घडते, ह्या दोन्ही गोष्टी तेथे जवळजवळ पाहावयास मिळतात.

अड्यारची नावे

अड्यार हे मूळ नदीचे नाव. ती जेथे समुद्राला मिळते, तेथील दक्षिण तीरावरील बाग थिऑसॉफिकल सोसायटीने १८८२ मध्ये विकत घेतली आणि मुंबईतील आपले मुख्य ठाणे तेथे हलविले. त्या बागेतील प्रचंड वड पाहण्यास आजही लोक दुरून येतात. १९८९ च्या वादळात त्याचे मूळ खोड कोसळले. परंतु पारंब्यांची ठिकठिकाणी खोडे झालेली असल्यामुळे वृक्ष मात्र उभा राहिला. १९३६ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी ह्याच परिसरात कलाक्षेत्राची स्थापना केली. नृत्याबरोबर तेथे विणकामाचेही माग चालू झाले. १९६२ मध्ये ही संस्था जवळच्या तिरुवान्मियूर येथे गेली, तरी कलाक्षेत्राच्या साडीची ओळख कायम राहिली. १९५४ मध्ये डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी ह्यांच्या प्रयत्नांतून येथील कर्करोग रुग्णालय अवघ्या बारा खाटांनिशी सुरू झाले, आणि पुढे 'अड्यार' म्हटले की दक्षिणेतील असंख्य कुटुंबांना तेच आठवू लागले. राजपाळयमकडील के. एस. तिरुपती राजा ह्यांच्या कुटुंबाच्या मिठाईच्या धंद्याला तर ह्या वस्तीनेच आपले नाव दिले. 'अड्यार आनंद भवन' ही पाटी आता परदेशांतील शहरांतही दिसते.

ह्या प्रत्येकाच्या मागे वर्षानुवर्षांचे काम आहे, आणि त्या कामाविषयी अनेकांनी अनेक ठिकाणी काढलेले शब्द आहेत. बरा होऊन घरी परतलेला रुग्ण बोलला, अरंगेत्रम् पाहून आलेली आई बोलली, मिठाईचा डबा घेऊन गावी गेलेला प्रवासी बोलला. कोणा एकाचे बोलणे थांबले तरी बाकीची चालू राहिली, आणि त्यांवरच ही नावे टिकली. यंत्राच्या जगातही नाव बहुतांशी असेच टिकते. फरक एवढाच, की यंत्राला हे बोलणे ऐकू यावे लागते.

रेडिओच्या बातम्या आणि यंत्राचे कान

अड्यारला लागून, सरदार पटेल मार्गावर, मद्रासची आय.आय.टी. आहे. पश्चिम जर्मनीच्या साह्याने १९५९ मध्ये उभारलेल्या ह्या संस्थेच्या वनराईत हरणे अजूनही मोकळी हिंडतात. ह्याच संस्थेत 'एआयफॉरभारत' नावाचे संशोधन केंद्र आहे. रोहिणी व नंदन निलेकणी ह्यांच्या ३६ कोटी रुपयांच्या देणगीतून २०२२ मध्ये त्याला बळ मिळाले. यंत्राला भारतीय भाषा वाचता, ऐकता आणि बोलता याव्यात, हे त्याचे कार्य.

यंत्राला भाषा ऐकावयास शिकवावयाची, म्हणजे त्याला हजारो तासांचे बोलणे ऐकवावे लागते आणि प्रत्येक वाक्यासोबत ते कसे लिहितात हेही दाखवावे लागते. इंग्रजीत अशा सामग्रीचा सुकाळ. भारतीय भाषांत मात्र टंचाई. ह्या केंद्रातील संशोधकांनी एक मोठा सुंदर मार्ग काढला. आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध होते आणि त्या बातम्यांच्या लिखित प्रतीही होत्या. दोहोंची वाक्यावाक्याने जुळणी करून 'श्रुतिलिपी' हा संग्रह २०२२ मध्ये तयार झाला. बारा भाषांतील सहा हजार चारशेहून अधिक तासांचे बोलणे त्यात आहे, आणि त्या बारांत मराठी आहे. आकाशवाणीच्या निवेदकांचे स्पष्ट, ठाशीव उच्चार अशा रीतीने यंत्राचे पहिले धडे झाले.

परंतु घरात कोणी बातम्यांच्या मराठीत बोलत नाही. वऱ्हाडातील बोलणे वेगळे, मालवणचे वेगळे, आणि तंजावरकडील मराठी कुटुंबांचे तर त्याहून वेगळे. म्हणून पुढे ह्याच केंद्राने देशातील १४५ जिल्ह्यांतील १६,२३७ सामान्य माणसांचे, बहुतांशी उत्स्फूर्त, बोलणे मुद्रित केले. 'इंडिकव्हॉइसेस' ह्या नावाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या संग्रहात घटनेतील बावीसही भाषांचे मिळून ७,३४८ तासांचे बोलणे होते.

ह्याचा मालाच्या प्रसिद्धीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. मराठीत व्यवसायाविषयी लिहिणारे थोडे, परंतु बोलणारे अपार. यूट्यूबवर मराठीतून शेती, स्वयंपाक, शिवणकाम, यंत्रदुरुस्ती, औषधी वनस्पती ह्यांविषयी बोलणाऱ्यांची गणतीच होऊ शकत नाही. यंत्राला मराठी ऐकू येत नव्हते, तोवर हे सारे ज्ञान त्याच्या लेखी मुकेच होते. जसजसा त्याचा कान तयार होत आहे, तसतसे हे बोलणे लिखित मजकुराच्या पंक्तीला येऊन बसत आहे. मराठी व्हिडिओत सहज उच्चारलेले एखाद्या गावाचे, एखाद्या गटाचे नाव उद्या कोणाच्या तरी उत्तरात उतरू शकते.

उत्तर कसे तयार होते

उत्तर देणाऱ्या यंत्राकडे ज्ञान दोन वाटांनी येते. पहिली वाट शिक्षणाची. यंत्र घडविताना त्याला अफाट मजकूर वाचविला जातो, आणि त्यात जे शब्द वारंवार एकत्र आले, त्यांचे नाते त्याच्या ठायी पक्के होते. 'सोलापूर' आणि 'चादर' हे शब्द असंख्य वेळा शेजारी आल्यामुळे एकाबरोबर दुसरा त्याला आठवतो. दुसरी वाट ताज्या शोधाची. प्रश्न विचारला जाताच यंत्र इंटरनेटवर धाव घेते, काही पाने व व्हिडिओ निवडते, त्यांतील मजकुराचे सार काढते आणि आधार म्हणून खाली दुवे देते. यूट्यूब २००६ पासून गूगलच्याच मालकीचे आहे, आणि गूगलच्या उत्तरांखाली यूट्यूबचे व्हिडिओ वारंवार आढळतात. व्हिडिओचे शीर्षक, त्याखालील वर्णन, आणि मुख्य म्हणजे त्यातील बोलण्याची लिखित प्रत, ह्यांवरून यंत्र त्यातील विषय ओळखते.

कोणता मजकूर यंत्राच्या उत्तरात अधिक उतरतो, ह्याचा अभ्यास प्रिन्स्टन विद्यापीठ, दिल्लीची आय.आय.टी. इत्यादी ठिकाणच्या संशोधकांनी केला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. दहा हजार प्रश्नांवर त्यांनी निरनिराळ्या युक्त्या ताडून पाहिल्या. ज्या मजकुरात आकडे होते, जाणकारांची प्रत्यक्ष वचने होती आणि माहितीचा आधार सांगितलेला होता, त्याचे उत्तरातील स्थान चाळीस टक्क्यांपर्यंत वाढल्याचे त्यांना दिसले. एकच शब्द पुनःपुन्हा घुसडण्याची शोधयंत्राच्या काळातील जुनी युक्ती येथे मात्र फारशी फळास आली नाही. 'आमची हळद सर्वोत्तम' हे वाक्य दहादा म्हणण्यापेक्षा 'ही राजापुरी जातीची हळद आहे, अमुक गावच्या शेतातील आहे, इतके दिवस उन्हात वाळविली आहे' हे वाक्य एकदा म्हणणे यंत्राच्या अधिक उपयोगी पडते. सुज्ञ गिऱ्हाइकाचीही अपेक्षा तीच असते.

तथापि यंत्राच्या ह्या गुणाला एक मोठी मर्यादा आहे. ते शब्द मोजते. ते वस्तू चाखत नाही. मे २०२४ मध्ये गूगलच्या उत्तरयंत्राने, पिझ्झावरील चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये थोडा डिंक मिसळावा, असा सल्ला दिला. अकरा वर्षांपूर्वी कोणी तरी थट्टेने लिहिलेले एक वाक्य यंत्राने खरे मानले होते. थट्टा आणि साक्ष ह्यांतील भेद ज्याला अजून नीट कळत नाही, त्याला विकत घेतलेली स्तुती आणि मनापासून केलेली स्तुती ह्यांतील भेद कळेलच, अशी खात्री कोणी द्यावी?

नांगराची गोष्ट

मालाच्या ओळखीसाठी दुसऱ्याच्या शब्दाची मदत घेणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास त्यांना सुमारे दोन वर्षे लागली. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० मध्ये कारखान्याच्या मालाची व कामाची माहिती देण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' निघाली. तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर ह्यांनी तिला निव्वळ जाहिरातीचे पत्रक राहू दिले नाही. लेखक, चित्रकार, सुधारक ह्यांना त्यांनी तिच्यात जागा दिली. त्याच परंपरेतून १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली. नांगर विकणाऱ्या कारखान्याचे नाव अशा रीतीने मराठी घराघरांत पोचले, ते वाचनीय मजकुराच्या सोबतीने. लेखकाला त्याच्या मनाचे लिहू दिले, म्हणूनच वाचकाने मासिकावर विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासाचा काही अंश कारखान्याच्याही वाट्याला आला.

आज त्या लेखकांच्या जागी व्हिडिओ करणारे आहेत. मधुरा बाचल ह्यांनी २००९ मध्ये यूट्यूबवर पाककृती दाखविण्यास आरंभ केला. पुढे त्यांच्या मराठी पाककृती लाखो घरांत पोचल्या आणि त्यांच्या नावाचे मसालेही बाजारात आले. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे ह्या आजींनी, शाळेचे तोंड पाहिलेले नसताना, नातवाच्या मदतीने २०२० मध्ये 'आपली आजी' हा चॅनल सुरू केला. घरच्या मसाल्यातील भाजी कशी करावी, हे त्या आपल्या गावच्या बोलीत सांगतात आणि लोक ते आवडीने ऐकतात. कोणत्याही जाहिरात कंपनीला अशी भाषा लिहून देता आली नसती.

उच्चारलेल्या नावाचे बळ

नाव उच्चारले जाणे किती महत्त्वाचे, ह्याचे ताजे उदाहरण कोल्हापुरी चपलेचे आहे. ह्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांतील कारागिरांचा त्यावर हक्क आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे 'प्राडा' ह्या प्रसिद्ध कंपनीच्या पोशाखप्रदर्शनात तशाच चपला झळकल्या. त्यांचे वर्णन मात्र नुसत्या 'चामडी सँडल' असे करण्यात आले. कोल्हापूरचे नाव कोठेही नव्हते.

ते नाव लोकांनी उच्चारले. कारागिरांनी, दुकानदारांनी, विद्यार्थ्यांनी आणि देशोदेशीच्या व्हिडिओकारांनी दोन्ही चपला शेजारी ठेवून दाखविल्या. कातडे कसे कमावतात, वेणी कशी गुंफतात, हे समजावून सांगितले. महाराष्ट्रातील व्यापारी संघटनेने कंपनीला पत्र लिहिले. कंपनीने प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचे मान्य केले, जुलैत तिची माणसे कोल्हापुरास येऊन कारागिरांना भेटली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन दोन हजार जोड येथे करून घेण्याचे ठरले. ह्या साऱ्या बोलण्याचा ठसा इंटरनेटवर कायमचा उमटला आहे. तशा चपलेविषयी यापुढे कोणी यंत्राला प्रश्न केला, तर ह्या बोलण्यातून कोल्हापूरचे नाव त्याच्या हाती लागेल. कारागिराच्या पदरात त्यातून किती पडेल, हे पुढील व्यवहार ठरवील. परंतु नाव हरवले असते तर मागण्यासारखे काहीच उरले नसते.

छोट्या उत्पादकाने काय करावे

समजा, सांगलीजवळचा एखादा बचत गट हळद विकतो. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे जमिनीखालील पेवांत हळद साठविण्याची जुनी चाल होती. हळकुंडे शिजविणे, उन्हात वाळविणे, ढोलात घालून पॉलिश करणे, मग दळणे, ह्या प्रत्येक पायरीत दाखविण्यासारखे आणि सांगण्यासारखे पुष्कळ आहे. गटाने व्हिडिओ करणाऱ्याची मदत घ्यावयाची ठरविली, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट माणसाच्या निवडीची. ज्याला लाखो प्रेक्षक आहेत परंतु आज मोबाइल, उद्या साबण, परवा हळद असा ज्याचा क्रम आहे, त्याच्यापेक्षा शेतीविषयी किंवा स्वयंपाकाविषयीच सातत्याने बोलणारा छोटा व्हिडिओकार अधिक उपयोगी. त्याचे बोलणे एका विषयाशी जोडलेले असते, आणि यंत्रही ते त्याच विषयाच्या संदर्भात आठवते.

दुसरी गोष्ट अशी, की त्याला तयार संवाद लिहून देऊ नयेत. त्याला शेत दाखवावे, पेव दाखवावे, तपासणीचा अहवाल असल्यास हाती द्यावा, अन्नपरवान्याचा क्रमांक सांगावा, आणि मग त्याला त्याच्या शब्दांत बोलू द्यावे. शक्य तेथे गटातील बायकांनी स्वतःच बोलावे. हळदीचा रंग यंदा थोडा फिका आहे, असे त्याला वाटले तर तेही त्याने सांगावे. ज्याच्या तोंडी उणीव येते, त्याच्या स्तुतीवर लोक विश्वास ठेवतात.

तिसरी गोष्ट नावाची. पाकिटावर एक, व्हिडिओत दुसरे, बिलावर तिसरे असे नाव असेल, तर यंत्र ते तीन निरनिराळे उत्पादक समजण्याचा संभव असतो. गटाचे पूर्ण नाव, गाव, तालुका आणि जिल्हा सर्वत्र एकाच रीतीने लिहावा आणि व्हिडिओत निदान एकदा स्पष्ट उच्चारावा. पार्श्वसंगीत बोलण्यावर चढू देऊ नये. यंत्राने काढलेली बोलण्याची लिखित प्रत एकदा वाचून हाताने दुरुस्त करावी. कारण 'हळकुंड', 'पेव' ह्यांसारखे शब्द यंत्र अद्याप चुकीचे ऐकू शकते. व्हिडिओचे शीर्षक, लोक ज्या शब्दांत प्रश्न विचारतात, त्याच शब्दांत असावे. 'हळदीतील भेसळ घरी कशी ओळखावी' हे शीर्षक 'आमची शुद्ध हळद' ह्यापेक्षा केव्हाही बरे. त्यात पाहणाऱ्याला काही शिकावयास मिळते.

चौथी गोष्ट संयमाची. एकाच मोठ्या आवाजात केलेल्या घोषणेपेक्षा निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या माणसांनी केलेले दहा छोटे उल्लेख अधिक टिकतात. अड्यारच्या वडाला पारंब्यांनी तारले, हे येथे आठवावे. शिवाय महिन्यातून एकदा गटातील कोणी तरी यंत्राला तेच प्रश्न विचारून उत्तरे वहीत टिपून ठेवावीत. उत्तरात चूक आढळली, तर ती कोणत्या व्हिडिओतून आली हे दुव्यांवरून पाहावे आणि मुळातच दुरुस्ती करून घ्यावी.

मोबदला आणि साक्ष

आता सर्वांत नाजूक भाग. व्हिडिओकाराचा वेळ जातो, कष्ट पडतात. त्याला मोबदला देणे गैर नाही. गैर आहे ते मोबदला लपविणे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. त्याखाली ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, आणि २० जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरील शिफारशींसाठी स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. पैसे, भेटवस्तू, फुकट प्रवास, मालकीतील हिस्सा किंवा घरचे नाते, ह्यांपैकी काहीही असेल तर ते सांगितलेच पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करणाऱ्यावर एक ते तीन वर्षांपर्यंत बंदीही येऊ शकते.

ह्या पुस्तिकेतील एक सूचना आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. व्हिडिओतील खुलासा केवळ खालच्या वर्णनात देऊन भागत नाही; तो व्हिडिओत दिसला पाहिजे, ऐकू आला पाहिजे आणि शिफारशीच्याच भाषेत असला पाहिजे. ही सूचना केली गेली ती माणसासाठी. परंतु तोंडाने उच्चारलेला खुलासा बोलण्याच्या लिखित प्रतीतही उतरतो आणि म्हणून यंत्राच्याही कानावर पडतो. 'ह्या व्हिडिओसाठी मला गटाकडून पैसे मिळाले आहेत' हे एक वाक्य मराठीत, स्पष्टपणे म्हटले, तर साक्षीबरोबर तिची किंमतही नोंदली जाते. प्रामाणिक उत्पादकाला ह्याची भीती वाटण्याचे कारण नाही.

लपविलेले आणि दडपलेले शब्द अखेर कोठे तरी वर येतातच. एप्रिल २०२३ मध्ये एका तरुणाने 'बोर्नव्हिटा' ह्या मुलांच्या आवडत्या पेयातील साखरेविषयी व्हिडिओ केला. कंपनीची कायदेशीर नोटीस आली आणि त्याने तो मागे घेतला. परंतु तोवर तो देशभर पसरला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या पेयात वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण कमी झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. व्हिडिओकाराला गप्प करण्यापेक्षा माल सुधारणे हा मार्ग शेवटी अधिक उपयोगी पडला, असेच ह्यावरून म्हणावे लागते.

कुटुंबाचे कर्तव्य

उत्तर विचारणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांवरही ह्यात थोडी जबाबदारी येते. यंत्राने एखादे नाव सांगितले, तर ते कोणाच्या आधाराने, हे खालच्या दुव्यांवरून पाहण्याची सवय मुलांना लावावी. दुवा व्हिडिओचा असेल तर तो निदान काही मिनिटे ऐकावा. बोलणाऱ्याने वस्तू हाताळली आहे का, आकडे सांगितले आहेत का, मोबदल्याचा खुलासा केला आहे का, हे चटकन लक्षात येते. औषधे, लहान मुलांचा आहार आणि पैशाची गुंतवणूक ह्या बाबतींत यंत्राच्या उत्तरावर न थांबता डॉक्टरांना किंवा जाणत्या माणसाला विचारावे.

त्याचबरोबर, एखादी वस्तू खरोखर चांगली वाटली, गावच्या विणकराची चादर दहा वर्षे टिकली, शेजारच्या गटाचे लोणचे आजीच्या हातच्यासारखे लागले, तर ते आपल्या भाषेत, त्याचे नाव व गाव घेऊन सांगावे. असे बोलण्यास चॅनल असावा लागत नाही. मोबाइलवर केलेला दोन मिनिटांचा साधा व्हिडिओही पुरतो. मोठ्या कंपनीकडे शंभर व्हिडिओकारांना देण्याइतका पैसा असतो. छोट्या उत्पादकाच्या बाजूने बोलावयास बहुधा त्याचे समाधानी गिऱ्हाईकच तेवढे असते. मराठी कानाने ऐकणारी यंत्रे अड्यारच्या वनराईत आणि इतरत्र दिवसेंदिवस तयार होत आहेत. त्यांना ऐकू जाईल असे खरे बोलणे मराठीत पुरेसे असेल, तर पुढच्या पिढीतील एखाद्या मुलीने 'चांगली हळद कोणाची?' असे विचारताच सांगलीजवळच्या त्या गटाच्या हळदीचे नावही तिला ऐकू येईल.